भंडारदऱ्यातला कुकुर तिहार आणि जिन्याखालची खोली

दिवाळीत घर सोडून कुठेही जायचं नाही, हा आमच्या घरातला नियम यंदा मोडला आणि तोही कुत्र्यापायी मोडला.

झालं असं, की आमच्या सावेडीतल्या सोसायटीत श्वानप्रेमींचा एक ग्रुप आहे. पल्लवी त्याची ॲडमिन. माझ्या खालच्या मजल्यावर राहते, शाळेत शिकवते आणि रस्त्यावरचं कुत्रं लंगडताना दिसलं तरी तिचे डोळे भरून येतात. तिने ग्रुपवर नेपाळमधला एक व्हिडिओ टाकला. तिकडे आपल्या दिवाळीच्याच दिवसांत तिहार नावाचा सण असतो आणि त्यातला एक दिवस खास कुत्र्यांचा, कुकुर तिहार. कपाळाला टिळा, गळ्यात झेंडूची माळ, पुढ्यात खाऊ. व्हिडिओतलं कुत्रं मुंजीतल्या बटूसारखं गंभीर तोंड करून बसलं होतं. आम्ही सगळ्या विरघळलो. आपणही करायचं, असं तिथल्या तिथे ठरलं. तो दिवस नरक चतुर्दशीलाच येत होता, त्यामुळे पंचांगाचाही प्रश्न नव्हता.

पार्किंगमध्ये केलं असतं तर मी आज हे लिहिलंच नसतं. पण पल्लवीला मागे डोंगर आणि पाणी हवं होतं. तिने भंडारदऱ्याला कुत्री चालतील असा कॅम्प शोधून काढला. माणशी पंधराशे, त्यात तंबू, दोन वेळचं जेवण आणि चहा-नाश्ता. कुत्र्याचे तीनशे वेगळे. "माझी दिवाळी मी घरीच करतो, तू कुत्र्याची कर," असं म्हणून आमचे हे चकलीचा डबा घेऊन टीव्हीसमोर बसले. म्हणजे गाडी मी चालवणार आणि शेजारी बंड्या. बंड्या अस्सल गावठी आहे. सोसायटीच्या गेटवर सापडला आणि आता घरात सगळ्यात जास्त मान त्याला आहे.

"सण नेपाळचा आहे, तर आपला नेपाळी पण घेऊन जाऊ," असं चेअरमन म्हणाले. चेअरमन म्हणजे सुधीरराव, निवृत्त इंजिनिअर, कडक पण मनाने वाईट नाहीत. आणि 'आपला नेपाळी' म्हणजे आमचा वॉचमन दिलबहादूर. बारा वर्षं तो आमचं गेट सांभाळत होता आणि जिन्याखालच्या खोलीत एकटा राहत होता. यंदा उन्हाळ्यात त्याची बायको मनकुमारी आणि आठ वर्षांची मुलगी गावाहून आल्या. मुलीला जवळच्या शाळेत घातलं. मागच्याच मीटिंगमध्ये सोसायटीने ठरवलं होतं, की आपण वॉचमन ठेवलाय, त्याचं कुटुंब नाही. भाऊबीज झाली की बायको-मुलीने खोली सोडायची. त्या मीटिंगला मी नव्हते. मला नंतर कळलं आणि वाईट वाटलं, पण मग फराळाच्या गडबडीत ते मागे पडलं.

कॅम्पला मात्र दिलबहादूर हवाच, यावर सगळ्यांचं एकमत होतं. टिळा कसा लावायचा ते आम्हाला कुठे ठाऊक होतं!

धनत्रयोदशीला सकाळी निघालो. बाकीच्या गाड्या भरल्या होत्या म्हणून दिलबहादूर माझ्या गाडीत मागे बसला. मांडीवर त्याने स्टीलचा एक डबा घट्ट धरला होता. मनकुमारीने त्यात सेल रोटी दिली होती, म्हणजे तांदळाच्या पिठाची तळलेली गोड कडी. बंड्या पहिल्या पाच मिनिटांत पुढची सीट सोडून मागे त्याच्याकडे गेला.

ज्यांना हा प्रवास करायचाय त्यांनी रस्त्याबद्दल एवढंच लक्षात ठेवा, की राहुरीपर्यंत खड्डे आहेत आणि राहुरीनंतरही आहेत. देवळाली प्रवराच्या आसपास उसाची वाहतूक सुरू झाली की ट्रॅक्टरच्या मागे अडकाल, तेव्हा लवकर निघा. कोल्हारला वळून लोणीमार्गे संगमनेर, मग अकोले, राजूर आणि शेंडी. आरामात गेलात तर साडेचार तास धरा. संगमनेरच्या अलीकडे आम्ही मिसळ खाल्ली. ती नुसतीच तिखट होती, चव काही नव्हती, त्यामुळे हॉटेलचं नाव सांगत नाही. राजूरचे पेढे मात्र चुकवू नका.

राहुरी सोडल्यावर दिलबहादूर म्हणाला, "मॅडम, एक सांगू का?"

"सांग की."

"चेअरमनसाब तुमचा ऐकतात. पोरगीची शाळा सुरू हाय. तिला मराठीत शंभरमधी शहात्तर मार्क पडले. परीक्षापर्यंत खोली राहू द्या, एवढाच बोला तुम्ही. मग मी बघतो कुठेतरी."

"बाहेर खोली नाही का मिळत?"

"फोनवर मिळते. तोंड बघितला की नाही मिळत."

हे तो हसत हसत म्हणाला, त्यामुळे मलाही हसावं की नाही ते कळेना. मी बोलते, असं म्हटलं. कॅम्पवर सगळे मोकळ्या मूडमध्ये असतील, सुधीररावांना गाठायचंच, असं मी मनात पक्कं केलं. त्याला बरं वाटलं असावं, कारण मग तो गप्पा मारायला लागला. आमच्या शेजारच्या प्लॉटवर बांधकाम सुरू आहे, त्याच्यावर बोलणं आलं.

"ते साईटवरचे लोक लई बेकार, मॅडम. बाहेरून येतात, नळाला गर्दी करतात. चेअरमनसाबला सांगा, गेटमधी घेऊ नका."

मी आरशातून मागे पाहिलं. तो अगदी मनापासून सांगत होता आणि बंड्याचे कान खाजवत होता. मी पुढच्या ट्रॅक्टरला हॉर्न दिला आणि विषय तिथेच राहिला.

भंडारदरा दिवाळीत पाहावं. पावसाची झोडपणी संपलेली असते, धरण भरलेलं, डोंगर अजून हिरवे आणि हवेत छान गारठा. तंबू थेट पाण्याच्या काठाला होते. कॅम्पचे मालक हौशीराम, तिथलेच. आमच्या गाड्यांमधून एकामागून एक आठ-नऊ कुत्री उतरलेली पाहून ते कमरेवर हात ठेवून उभे राहिले.

"ह्यांची पूजा करनार व्हय?"

"हो, उद्या. नेपाळमध्ये करतात," पल्लवी म्हणाली.

"करा की. आमी वाघाची करतो. वाघबारस झाली काल. पन एक हाय, दिवस मावळला का कुत्री तंबूत घ्या. बिबट्या हिंडतोय. पूजा तुमी करायची आन् नैवेद्य त्यो खायचा, असं नगं."

पल्लवीचा चेहरा पांढरा पडला. बंड्याला तर मी तेव्हापासून पट्ट्यालाच धरून ठेवलं. कुत्री घेऊन जाणाऱ्यांनी ही सूचना गंमत म्हणून घेऊ नये.

चहा घेताना मी हौशीरामना विचारलं, की इथे कामाला कोण माणसं असतात. गावातलीच असतील असं मला वाटलं होतं, पण तसं काही ऐकू आलं नाही. "दोन नेपाळी पोरं ठेवली हुती. चा झकास करायची, मोमो करायची, गिऱ्हाईक खूश. पन गावानं वरडा केला, बाहेरची मानसं कशाला म्हनून. दिली काढून."

"मग आता गावातलीच आहेत?"

"गावातली कुठं टिकत्यात? आन् खरं सांगू का ताई, बाहेरची बाहेरची म्हनत्यात, पन डोंगर कुनी घेतला? नेपाळ्यानं घेतला का? समद्या जागा तुमच्याकडच्यांनी घेतल्या. आमाला बाहेरची म्हनजे तुमीच."

असं म्हणून त्यांनी मला आग्रहाने आणखी अर्धा कप चहा ओतला. आता हे आम्हाला या म्हणत होते की जा म्हणत होते, ते मला शेवटपर्यंत समजलं नाही. चहा मात्र खरंच पाणचट होता.

संध्याकाळी सगळे धरणाच्या बाजूला फिरायला गेलो. सुधीरराव मागे रेंगाळले होते, मीही मुद्दाम मागे राहिले. त्यांची मुलगी आयर्लंडमध्ये असते. तिने पाठवलेला व्हिडिओ ते बघत होते, मलाही दाखवला. तिकडच्या एका सभागृहात दिवाळी चालली होती. गोऱ्या बायका साड्या नेसून पणत्या लावत होत्या, एक म्हातारे गृहस्थ फेटा बांधून जिलबी खात होते.

"किती छान!" मी म्हटलं.

"छान आहे ना? त्याच दिवशी घरी जाताना बसमध्ये दोन पोरं तिला म्हणाली, तुमच्या देशात परत जा." सुधीररावांनी व्हिडिओ बंद केला. "आणि घरमालकाने सांगितलंय, करार वाढवणार नाही. कारण विचारलं तर सांगत नाही. वहिनी, आमची जिलबी चालते, आमची पोर चालत नाही?"

त्यांनी चष्मा काढून पुसला. हीच वेळ होती, मला कळत होतं. वाक्य जिभेवर आलं होतं. पण मुलीच्या काळजीने कासावीस झालेल्या बापाला त्याच क्षणी दिलबहादूरचं सांगणं म्हणजे त्यांच्या दुःखाचा फायदा उठवल्यासारखं वाटलं. आता वाटतं, तेव्हाच बोलायला हवं होतं. तेव्हा मात्र गप्प बसणंच सभ्यपणाचं वाटलं आणि आम्ही पिठलं-भाकरी खायला परतलो.

नरक चतुर्दशीची पहाट. गारठ्यात उटणं लावून तंबूमागच्या पत्र्याच्या न्हाणीत अंघोळ करणं म्हणजे काय ते ज्याने केलंय त्यालाच कळेल. हौशीरामांच्या घरच्यांनी चुलीवर पाणी तापवलं होतं आणि त्याला धुराचा वास होता. मला तर हीच अंघोळ लहानपणच्या दिवाळीची वाटली. कुत्र्यांना अंघोळीतून सूट मिळाली.

उन्हं वर आली तशी पल्लवीने चटई अंथरली. तिने दिलबहादूरसाठी ऑनलाईन नेपाळी टोपी मागवली होती. ती त्याला मोठी झाली, कानावर यायला लागली. "मामा, रीलसाठी घाला ना," असं तिने लाडाने म्हटल्यावर त्याने ती घातली. दह्यात तांदूळ आणि कुंकू कालवून टिळा तयार केला. कुत्री ओळीने बसतील अशी आमची कल्पना होती. ती बसली नाहीत. सुधीररावांचा ब्रुनो दुसऱ्याची माळ खात होता आणि बंड्या डब्यातल्या सेल रोटीपुढून हलायला तयार नव्हता. पण दिलबहादूर एकेकाजवळ गुडघ्यावर बसला, काहीतरी हळू बोलला, टिळा लावला, माळ घातली आणि प्रत्येक कुत्रं त्याच्या हाताखाली शांत झालं. मला एकदम भरून आलं.

तेवढ्यात हौशीरामांच्या शेताकडून एक लंगडं कुत्रं आलं. अंगावर खरूज, एक कान फाटलेला. मला वाटलं, आता सगळे हाड्‌ हाड्‌ करणार. पण सुधीरराव पुढे झाले. "याला पण घाला. सणाला आलंय, रिकामं कशाला पाठवायचं?" माळा संपल्या होत्या. मग त्यांनी ब्रुनोच्या गळ्यातली अर्धीमुर्धी माळ काढली आणि स्वतःच्या हाताने त्या खरजुल्या कुत्र्याला घातली. मग दिलबहादूरच्या खांद्यावर हात टाकून म्हणाले, "बहादूर, तुमच्या लोकांकडून शिकण्यासारखं आहे बरं!" पल्लवीने तो फोटो काढला. तुम्ही कदाचित पाहिलाही असेल, खूप फिरला तो.

आता नाही तर कधीच नाही, असं मला वाटलं. नाश्त्याला पोहे घेऊन मी त्यांच्याशेजारी बसले आणि सरळ म्हटलं, "सुधीरराव, त्या खोलीचं जरा बघा ना. मुलीची परीक्षा होईपर्यंत तरी."

ते मऊ आवाजात म्हणाले, "ते वेगळं आहे, वहिनी."

"कसं वेगळं? काल तुम्ही तुमच्या मुलीचं सांगत होता."

"ती रीतसर गेली आहे. व्हिसा घेऊन."

"याला तर व्हिसा लागतच नाही की."

"तेच तर म्हणतोय! लागत नाही म्हणूनच तर आज एक घर येतं, उद्या चार येतात. माणूस चांगलाच आहे, माझं त्याच्याशी काही वाकडं नाही. पण नियम केला तो केला. तुम्ही मीटिंगमध्ये मांडा पाहिजे तर." आणि त्यांनी माझ्या पोह्यांवर स्वतःच्या वाटणीचं लिंबू पिळलं.

मला त्यांचा राग यायला हवा होता. पण तो लंगड्या कुत्र्याला माळ घालणारा हात तोच होता ना? मी दिवसभर गोंधळलेलीच होते. दुपारी रतनवाडीला गेलो. जुनं हेमाडपंती देऊळ, दगडातलं कोरीवकाम, पुष्करिणी, सगळं पाहण्यासारखं आहे आणि गर्दी नव्हती. पण मला त्याबद्दल विचाराल तर फारसं सांगता येणार नाही, डोक्यात ते 'वेगळं' फिरत होतं. दिलबहादूर पायरीवर बसून कुत्री सांभाळत होता. मी परत येताना त्याने नुसतं माझ्या तोंडाकडे पाहिलं. "मीटिंगमध्ये मांडते," मी म्हटलं. "हो हो, मांडा," तो म्हणाला आणि त्याचा चेहरा उजळला. त्याला मीटिंग म्हणजे आशा वाटली आणि मला ती आशा परत घेता येईना.

तिसऱ्या दिवशी परतलो. सावेडीत पोचलो तेव्हा गेट बंद. मी सवयीने हॉर्न वाजवला, मग लक्षात आलं की गेट उघडणारा माझ्याच गाडीत बसलाय. तो उतरला, धावत जाऊन त्याने गेट उघडलं आणि मला नेहमीसारखा सलाम केला. जिन्याखालच्या खोलीपुढे मनकुमारीने पणत्या लावल्या होत्या. मुलीने दारात रांगोळी काढली होती आणि खाली मराठीत 'शुभ दीपावली' लिहिलं होतं.

भाऊबीजेनंतरच्या रविवारी पार्किंगमध्ये मीटिंग झाली. पहिला विषय भंडारदऱ्याचा. पल्लवीचं कौतुक झालं, टाळ्या झाल्या, कुकुर तिहार आता दरवर्षी करायचा हे एकमताने ठरलं. मग खोलीचा विषय निघाला आणि मी उभी राहिले. मुलीची शाळा, परीक्षा, शहात्तर मार्क, सगळं बोलले. कोणी विरोध केला नाही. मला वाटलं, जमलं.

तेव्हा पल्लवी म्हणाली, "काकू, तुमची गच्चीवरची खोली रिकामीच असते ना?"

तिने टोमणा मारला नव्हता. खरंच तिला मार्ग सापडल्याचा आनंद झाला होता. सगळ्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. गेटपाशी दिलबहादूर उभा होता, त्यानेही पाहिलं. माझी गच्चीवरची खोली मुलगा पुण्याला गेल्यापासून रिकामी आहे. तिथे व्यायामाची सायकल आहे आणि आकाशकंदिलाची खोकी आहेत. माझ्या डोळ्यांसमोर काय काय आलं: खोलीला स्वतंत्र जिना नाही, आमच्या घरातूनच जावं लागतं, ह्यांना काय वाटेल, मुलगा डिसेंबरमध्ये येणार, उद्या नाही निघाले तर. तोंड उघडलं आणि त्यातून आलं, "नाही, म्हणजे... ते वेगळं आहे."

सुधीरराव हसले नाहीत. त्यांनी समजूतदारपणे मान हलवली. ते हसले असते तर बरं झालं असतं.

त्याच आठवड्यात तिघंही गेले. पुण्यात दिलबहादूरचा मेहुणा एका हॉटेलात आहे, तिथे काहीतरी जमेल म्हणाला. जाताना त्याने खोलीची किल्ली चेअरमनना दिली आणि ती टोपी धुऊन, घडी घालून पल्लवीला परत केली. पल्लवी रडली, अगदी खरं रडली. मला तो म्हणाला, "तुम्ही बोललात, मॅडम. लई झाला." त्याने मला शिव्या दिल्या असत्या तरी मी ऐकून घेतल्या असत्या.

खर्चाचं विचाराल तर पेट्रोल, कॅम्प, पेढे धरून माझा आणि बंड्याचा मिळून पाच हजारांच्या आत हिशोब बसला. दिवाळीत भंडारदऱ्याला जरूर जा. बिबट्याचं लक्षात ठेवा. एवढं सांगून मला थांबायचं होतं.

पण काल एक निरोप आला. नाशिकच्या एका ताईंनी तो फोटो पाहिलाय. त्यांच्या कॉलनीला पुढच्या वर्षी कुकुर तिहार करायचाय. त्यांनी लिहिलंय, "तुमच्या त्या नेपाळी काकांचा नंबर मिळेल का? अगदी मानाने बोलावू. एकाच दिवसाचं काम आहे, दुसऱ्या दिवशी लगेच परत पाठवू."

नंबर माझ्याकडे आहे. दोनदा टाईप केला आणि दोनदा खोडला. त्याला चार पैसे मिळतील, मान मिळेल, मग का देऊ नये? आणि द्यावा तर कुठल्या तोंडाने, तेही मला कळत नाही. नवा वॉचमन अजून आलेला नाही, गेट आम्हीच उघडतो. बंड्या संध्याकाळचा खाली जाऊन जिन्याखालच्या कुलूप लावलेल्या दारापुढे बसतो आणि हाक मारली तरी येत नाही. आत्ताही तिथेच आहे. त्याला वर आणते.